बंद दार आणि खडूची फुली

बालमित्रांनो, आज सुरुवातीलाच एक प्रश्न विचारते. नीट विचार करून उत्तर द्या हं!

समजा, आईनं तुम्हाला सांगितलं, "अरे, कात्री कुठं दिसत नाही. घरभर शोध बघू जरा." तुम्ही निघालात. सोपा पाहिला, स्वयंपाकघर पाहिलं, शिलाई मशिनचा खण उपसून झाला. मग आलात आजोबांच्या लाकडी कपाटापाशी. त्याला कुलूप! किल्ली आजोबांच्या खिशात आणि आजोबा गेलेत कोडोलीला. अजून माळा बघायचाय, परडं बघायचंय. आता काय कराल? आणि आईला काय सांगाल?

माझ्या चौथीच्या वर्गात हा प्रश्न विचारला, तेव्हा चार तऱ्हेची उत्तरं आली. एकजण म्हणाला, "बाई, मी तिथंच बसून राहणार. कपाट उघडल्याशिवाय पुढं जाणारच नाही." दुसरा म्हणाला, "मी दगडानं कुलूप फोडणार!" सगळा वर्ग हसला. तिसरी म्हणाली, "मी कपाट सोडून बाकीचं घर बघणार आणि आईला सांगणार, कात्री घरात नाही." चौथी थोडा वेळ गप्प होती. मग हळूच म्हणाली, "बाई, मी पण बाकीचं घर बघणार. पण आईला सांगणार, कपाट सोडून सगळीकडं बघितलं, तिथं नाही. कपाटाला कुलूप आहे, तेवढं बघायचं राहिलंय."

पहिल्याचं काम अडून बसलं. दुसऱ्यानं आजोबांचं नुकसान केलं. या दोघांच्या चुका चटकन कळतात. तिसरीचं उत्तर मात्र ऐकायला चांगलं वाटतं. ती न कंटाळता घरभर फिरली, भांडण नाही, तोडफोड नाही. पण तिच्या उत्तरावर विश्वास ठेवून आई बाजारातून नवी कात्री आणेल आणि जुनी बिचारी कपाटातच पडून राहील!

संगणकात एखादी फाइल शोधताना हाच प्रसंग येतो. तिथंही बंद कपाटं असतात. आणि खरं सांगते, तिसरीच्या उत्तरातली चूक मी स्वतः केली होती. त्या चुकीपायी एका आजींना हात हलवत घरी जावं लागलं. ती गोष्ट आधी ऐका.

मशीन नाही म्हणतंय, आजी!

मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही काही शिक्षकांनी एका शाळेतलं जुनं जनरल रजिस्टर संगणकात ठेवायचं काम हाती घेतलं होतं. जनरल रजिस्टर म्हणजे काय, ठाऊक आहे ना? शाळेत नाव घातलेल्या प्रत्येक मुलाला त्यात एक क्रमांक मिळतो. त्यापुढं त्याचं नाव, जन्मतारीख, कधी दाखल झाला, कधी शाळा सोडली, हे सगळं लिहिलेलं असतं. तुमचा शाळा सोडल्याचा दाखला याच रजिस्टरावरून तयार होतो. जुनी पानं पिवळी पडलेली, कडा झिजलेल्या. म्हणून आम्ही एकेका पानाचा फोटो काढला, फोटोच्या नावात त्या पानावरचे क्रमांक घातले आणि वर्षांप्रमाणे फोल्डर करून ठेवून दिले.

क्रमांक सांगितला की पान शोधून देणारा एक छोटासा प्रोग्रॅम मी जावा भाषेत लिहिला होता. मोठ्या ऐटीत!

एके दिवशी एक आजी आल्या. वय साठीच्या पुढं. 2019 च्या ऑगस्टमध्ये महापूर आला, तेव्हा त्यांची कागदपत्रांची ट्रंक पाण्यात गेली होती. दाखल्याचा एवढासा तुकडा तेवढा वाचला होता आणि त्यावर रजिस्टरचा क्रमांक दिसत होता, 1412. आजींना श्रावणबाळ योजनेचा अर्ज करायचा होता. त्यासाठी वयाचा पुरावा हवा होता.

मी क्रमांक टाकला. प्रोग्रॅम क्षणभर चालला आणि पडद्यावर उत्तर आलं, "सापडलं नाही."

"आजी, या नंबरचं पान आमच्याकडं नाही हो," मी म्हणाले.

"असं कसं बाई? पैलीपासनं चौथीपतोर हितंच शिकले की मी! गुरुजींच्या छड्या अजून आठवत्यात."

"मशीन नाही म्हणतंय, आजी."

आजी काही बोलल्या नाहीत. तो तुकडा त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला, पिशवीची घडी केली, पदराच्या टोकाला गाठ मारली आणि उन्हातून चालू लागल्या.

रात्री मला काही चैन पडेना. मग डोक्यात एक साधा हिशेब आला. 1 ते 1240 क्रमांकांची पानं संगणकात होती, हे मला माहीत होतं. 1681 पासून पुढचीही होती. मग मधले 440 क्रमांक गेले कुठं? रजिस्टर तर एका सलग शिवलेलं. 440 मुलं एकदम गायब कशी होतील? रोज वर्गात वजाबाकी शिकवणाऱ्या मला ही वजाबाकी दिवसा सुचली नव्हती!

संगणक शोधतो कसा?

माझी चूक कळायची असेल, तर संगणक फाइल कशी शोधतो, ते आधी बघूया.

संगणकातले फोल्डर एखाद्या वडाच्या झाडासारखे असतात. एका खोडाला फांद्या, फांद्यांना डहाळ्या आणि डहाळ्यांना पानं. फांद्या म्हणजे फोल्डर आणि पानं म्हणजे फाइली. नाहीतर आपला पत्ता आठवा. कोल्हापूर जिल्हा, त्यात पन्हाळा तालुका, त्यात वारणानगर, त्यात तुमची गल्ली आणि गल्लीत तुमचं घर. एकात एक, एकात एक.

शोधणारा प्रोग्रॅम पहिल्या फोल्डरच्या दाराशी जातो आणि म्हणतो, "तुझ्यात काय काय आहे, त्याची यादी दे." यादी मिळाली की एकेक नाव बघतो. फाइल असेल, तर हवी तीच आहे का, हे तपासतो. फोल्डर असेल, तर त्याच्या दाराशी जाऊन पुन्हा तेच म्हणतो, "तुझी यादी दे." असं करत करत तो सगळ्या झाडावरून फिरून येतो. नियम एकच, पण तो प्रत्येक दारात नव्यानं वापरायचा.

मात्र प्रत्येक दार उघडतंच असं नाही. फोल्डरला लोखंडी कुलूप नसतं, पण त्याच्यावर एक चिठ्ठी डकवलेली असते असं समजा. हा फोल्डर कुणाचा, तो कुणी वाचायचा, कुणी त्यात लिहायचं, कुणी आत शिरायचं, हे त्या चिठ्ठीवर लिहिलेलं असतं. एका संगणकावर दोघातिघांची खाती असतील, तर एकाचे फोल्डर दुसऱ्याला उघडता येतीलच असं नाही. काही फोल्डर तर संगणकाची यंत्रणा स्वतःसाठीच राखून ठेवते. विंडोज असलेल्या संगणकात 'सिस्टिम व्हॉल्यूम इन्फर्मेशन' नावाचा लपवलेला फोल्डर असतो. तो उघडायला गेलं, तर संगणक साफ सांगतो, "परवानगी नाही."

यात संगणकाचं काही चुकलेलं नाही. तुमच्या ताईची डायरी कुणीही उघडून वाचू नये, असं तुम्हालाही वाटतंच की! बंद दार हा बिघाड नव्हे. बंद दार दिसल्यावर आपण काय करतो, तिथं बिघाड होतो.

रिकामा डबा आणि न मिळालेला डबा

आता माझा प्रोग्रॅम बघा. जावा ही भाषा 1995 साली जगापुढं आली. अमेरिकेतल्या सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीत जेम्स गॉसलिंग आणि त्यांच्या सोबत्यांनी ती तयार केली. आधी तिचं नाव 'ओक' होतं, म्हणजे एका झाडाचंच! जावाच्या अगदी जुन्या आज्ञांपैकी एक आज्ञा म्हणजे 'लिस्टफाइल्स'. फोल्डरला ही आज्ञा दिली की तो आतल्या वस्तूंची यादी देतो.

फोल्डर रिकामा असेल, तर रिकामी यादी येते. पण फोल्डर उघडताच आला नाही, तर यादी येतच नाही. तिच्या जागी येतो 'नल'. नल म्हणजे 'काहीच हाती आलं नाही'.

हा फरक नीट समजून घ्या. मधल्या सुट्टीत मैत्रिणीनं तुमच्या हातात डबा दिला. तुम्ही उघडलात, आत काही नाही. म्हणजे डबा रिकामा, हे तुम्हाला नक्की कळलं. आता दुसरा प्रसंग. मैत्रिणीनं डबा दिलाच नाही. आत पोळी होती की लाडू होता, की काहीच नव्हतं, हे सांगता येईल का? मुळीच नाही! रिकामी यादी म्हणजे रिकामा डबा. नल म्हणजे न मिळालेला डबा.

नल हातात आल्याचं लक्षात न घेता प्रोग्रॅम त्यातली नावं वाचायला गेला, की धाडकन थांबतो. 'नल पॉइंटर एक्सेप्शन' असं काहीतरी लिहून मोकळा होतो. म्हणजे बंद कपाटापाशी बसून राहणारा आपला पहिला मुलगा! माझाही प्रोग्रॅम सुरुवातीला असाच थांबायचा. मला त्याचा राग यायचा. मग मी एक ओळ वाढवली, "नल आला, तर काही न बोलता पुढं चल."

झालं! प्रोग्रॅम थांबायचा बंद झाला. मला वाटलं, दुरुस्ती झाली. प्रत्यक्षात मी पहिल्या मुलाची तिसरी मुलगी केली होती. आधी प्रोग्रॅम अडायचा, तेव्हा निदान काहीतरी बिनसलंय हे दिसत तरी होतं. आता तो बंद दार बघून गुपचूप पुढं जात होता आणि शेवटी ठामपणे सांगत होता, "सापडलं नाही." आणि त्याच्या भरवशावर मी आजींना सांगितलं, "मशीन नाही म्हणतंय."

मशीन नाही म्हणत नव्हतं, मुलांनो. त्याला तिथं बघताच आलं नव्हतं. ते सांगायची सोय मीच काढून टाकली होती.

खडूच्या दोन खुणा

मग करायचं काय? याचं उत्तर मला कुठल्या जाड पुस्तकात नाही, आपल्या गल्लीतल्या भिंतींवर मिळालं.

पल्स पोलिओचा रविवार तुम्हाला माहीत आहे. लहान भावंडांना तोंडात दोन थेंब पाजतात आणि करंगळीच्या नखाला शाई लावतात. ही मोहीम आपल्या देशात 1995 सालीच सुरू झाली, म्हणजे जावाच्याच वर्षी! केंद्रावरचं काम संपलं की पुढचे काही दिवस अंगणवाडीच्या ताई, आशाताई आणि आरोग्य केंद्राचे कर्मचारी घरोघर फिरतात. प्रत्येक घराच्या दारावर नाहीतर भिंतीवर खडूनं खूण करतात. ती खूण कधी निरखून बघितलीत का?

घरातल्या पाच वर्षांखालच्या सगळ्या मुलांना डोस मिळाला असेल, तर इंग्रजी 'पी' हे अक्षर काढतात. घराला कुलूप असेल, मूल परगावी गेलं असेल किंवा घरच्यांनी डोस नको म्हटलं असेल, तर काढतात फुली, म्हणजे इंग्रजी 'एक्स'. ती घरं आपल्या कागदावरही लिहून घेतात. आणि मग फुलीच्या घरांना पुन्हा भेट देतात.

बघा हं, कुलूप दिसलं म्हणून या ताई तिथंच थांबत नाहीत. कुलूपही फोडत नाहीत. आणि कुलूपबंद घराला 'पी' लिहून "सगळं झालं" असंही सांगत नाहीत. फुली मारतात, पुढच्या घराकडं जातात आणि नंतर परत येतात. कारण डोस चुकलेलं एखादं मूलसुद्धा रोगाला पुरतं. पोलिओचा विषाणू कुलूप बघून माघारी फिरत नाही.

भारतात या विषाणूच्या मूळ रानटी प्रकारानं आजारी पडलेलं शेवटचं मूल जानेवारी 2011 मध्ये पश्चिम बंगालमधल्या हावडा जिल्ह्यात आढळलं. त्यानंतर 27 मार्च 2014 रोजी आपला देश पोलिओमुक्त असल्याचं प्रमाणपत्र मिळालं. एवढ्या मोठ्या देशात हे कसं जमलं? डॉक्टर, लस, पैसा, लाखो लोकांचे कष्ट, अशी पुष्कळ कारणं आहेत. पण त्यात त्या खडूच्या फुलीचाही वाटा आहे, हे विसरू नका.

फुली मारणारा पाहुणा

जावामध्येही अशी फुली मारायची सोय आहे. 2011 साली जावाची सातवी आवृत्ती आली. तिच्यात 'वॉक फाइल ट्री' नावाची आज्ञा मिळाली. म्हणजे फाइलींच्या झाडावरून फेरफटका. हा फेरफटका मारायला आपण एक पाहुणा पाठवायचा. त्याचं नाव 'फाइल व्हिजिटर'.

या पाहुण्याला चार प्रसंगी काय करायचं, ते आपण आधीच शिकवून ठेवायचं असतं. फोल्डरमध्ये शिरताना काय करायचं? फाइल भेटली की काय करायचं? दार उघडलं नाही, तर काय करायचं? आणि फोल्डरमधून बाहेर पडताना काय करायचं?

यातला तिसरा प्रसंग आपल्या कामाचा. त्याचं नाव 'व्हिजिट फाइल फेल्ड'. फोल्डर उघडला नाही, की जावा या ठिकाणी येते. फोल्डरचं नाव आणि दार का उघडलं नाही, याचं कारण, दोन्ही पाहुण्याच्या हातात देते आणि विचारते, "आता काय करू?" नुसता नल देऊन गप्प बसत नाही.

पाहुणा चारपैकी एक उत्तर देऊ शकतो. 'कंटिन्यू', म्हणजे पुढं चल. 'स्किप सबट्री', म्हणजे या फांदीत शिरू नको. 'स्किप सिब्लिंग्ज', म्हणजे या फांदीची उरलेली भावंडंही सोड. आणि 'टर्मिनेट', म्हणजे शोध इथंच थांबव.

मात्र एक लक्षात ठेवा. जावा एक तयार पाहुणाही देते, 'सिंपल फाइल व्हिजिटर'. त्याला काही न शिकवता पाठवलं, तर तो बंद दारापाशी आरडाओरडा करतो आणि सगळा शोध थांबतो. 2014 सालच्या आठव्या आवृत्तीत 'फाइल्स वॉक' नावाची आणखी सुटसुटीत आज्ञा आली. एका ओळीत काम! पण मध्येच न उघडणारं दार आलं, की तिचीही फेरी तिथंच तुटते. आज्ञा छोटी म्हणून ती प्रत्येक कामाला योग्य असतेच असं नाही.

मी माझा प्रोग्रॅम पुन्हा लिहायला बसले. आधी मराठीत त्याचा कच्चा आराखडा केला, तो असा:

1. एक कोरी यादी तयार ठेव. तिचं नाव 'फुल्या'.
2. फाइल भेटली, तर तिच्या नावात हवा तो क्रमांक आहे का बघ. असेल, तर 'सापडलेली पानं' या यादीत लिही. पुढं चल.
3. फोल्डर उघडला नाही, तर त्याचं नाव आणि कारण 'फुल्या' यादीत लिही. पुढं चल.
4. फेरी संपली की तिन्ही गोष्टी सांग. किती पानं सापडली, किती फोल्डर पाहिले आणि किती पाहता आले नाहीत.
5. 'फुल्या' यादी रिकामी असेल, तरच "नाही" असं म्हण.

पाचवी पायरी पुन्हा एकदा वाचा. सगळ्या प्रोग्रॅमचा जीव तिच्यात आहे.

नवा प्रोग्रॅम चालवला. पडद्यावर आलं:

सापडलेली पानं : 0
पाहिलेले फोल्डर : 38
न उघडलेले फोल्डर : 2

खाली त्या दोन फोल्डरांची नावंही होती. एक संगणकाच्या यंत्रणेचा, त्याच्याशी आपलं काही काम नाही. दुसऱ्याचं नाव होतं '1962 ते 1966'. ते वाचल्यावर अंगावर काटाच आला!

उलगडा अगदी साधा होता. ती पानं ज्यांनी संगणकात ठेवली, त्यांचं खातं वेगळं होतं. तो फोल्डर त्यांच्याच नावावर राहिला होता. मुद्दाम कुणी काही केलं नव्हतं. मी त्यांना फोन केला. दुसऱ्या दिवशी येऊन त्यांनी आपल्या खात्यातून सर्वांना वाचायची परवानगी दिली. फुलीच्या घराला आता पुन्हा भेट द्यायची होती. प्रोग्रॅम फक्त त्या एका फोल्डरवर चालवला.

सापडलेली पानं : 1.

निळ्या शाईतलं वळणदार अक्षर, क्रमांक 1412, आजींचं माहेरचं नाव, वडिलांचं नाव आणि जन्मतारीख. साठ वर्षं ती ओळ तिथं होती. मी "नाही" म्हणाले, त्या दिवशीही होती.

संध्याकाळी मी आजींच्या घरी गेले आणि सगळं खरं खरं सांगितलं. चूक यंत्राची नव्हती, माझी होती, हेही सांगितलं. आजींनी आधी चहा ठेवला. मग म्हणाल्या, "बाई, मला वाटलं मीच इसरले. दोन दिस इचार करत्या, मी साळंत खरंच गेलते का न्हाई?"

ते ऐकून मला फार वाईट वाटलं. एका चुकीच्या "नाही" मुळं एका माणसाला स्वतःच्या आठवणीवरच शंका आली होती! आजींचा अर्ज पुढं गेला, हे खरं. पण ते दोन दिवस मला अजून आठवतात.

घरच्या मंडळींसाठी दोन शब्द

आपल्या वारणा खोऱ्यात संगणक काही काल आलेला नाही. 1998 साली वारणानगरच्या भोवतालच्या 70 गावांसाठी 'वायर्ड व्हिलेज' नावाची योजना निघाली. तुमच्या आजोबांना विचारा, ते सांगतील. आपला ऊस किती टन भरला, हे शेतकऱ्याला कारखान्यावर हेलपाटा न मारता गावातच कळावं, हा तिचा एक हेतू होता. पुढं 2006-07 च्या सुमारास सात गावांत हेच काम मोबाइलच्या संदेशावरून करून पाहिलं गेलं. आज तर सातबारा, दाखले, निकाल, सगळ्यांसाठी आपण पडद्याकडंच बघतो.

म्हणून पालकांनाही सांगणं आहे. पडद्यावर "नोंद नाही" असं दिसलं, तर लगेच मागं फिरू नका. शांतपणे एक प्रश्न विचारा, "नोंद नाही, की बघता आली नाही?" काउंटरपलीकडच्या माणसाला दोष द्यायला नव्हे, त्यालाही तो प्रश्न सुचावा म्हणून. मला त्या दिवशी कुणी तो विचारला असता, तर फार बरं झालं असतं.

आणि बाळांनो, एक गोष्ट बजावून ठेवते. बंद फोल्डर दिसला म्हणून त्याचं कुलूप तोडायचे उद्योग करायचे नाहीत. ज्याचा फोल्डर, त्याला विचारायचं. त्यानं नको म्हटलं, तर फुली तशीच राहू द्यायची. शोध अपुरा राहिला, तर "अपुरा राहिला" म्हणावं. त्यात काही कमीपणा नाही.

करून पाहा

संगणक नसला, तरी हा खेळ वर्गात खेळता येईल. दहा जणांनी 'फोल्डर' व्हायचं. प्रत्येकानं मुठीत एकेक चिठ्ठी धरायची. काहींनी कोरी धरली तरी चालेल. एका चिठ्ठीवर 'खजिना' लिहायचं. दोघांनी गुपचूप ठरवायचं की आपण मूठ उघडायची नाही. एकानं 'पाहुणा' होऊन सगळ्यांकडं फिरायचं, उघडणाऱ्या मुठी बघायच्या आणि न उघडणाऱ्यांची नावं पाटीवर लिहायची. शेवटी त्यानं वर्गाला उत्तर द्यायचं. उत्तरात पाटीवरची नावं आली नाहीत, तर तो बाद!

मोठ्या मुलांपैकी ज्यांच्याकडं संगणक आणि जावा आहे, त्यांनी वरच्या पाच पायऱ्यांवरून प्रोग्रॅम लिहून बघा. आज्ञांची नावं मात्र तिथं रोमन अक्षरांत लिहावी लागतील. सरावासाठी एक वेगळा फोल्डर करा. घरच्यांच्या फाइलींशी खेळ नको.

आता या आठवड्याचं कोडं. एका प्रोग्रॅमनं 60 फोल्डरांपैकी 57 पाहिले, 3 उघडले नाहीत. शोधत असलेल्या नावाच्या 4 फाइली सापडल्या. खालच्यापैकी कोणती वाक्यं खात्रीनं खरी आहेत?

अ) या नावाच्या नेमक्या 4 फाइली आहेत.
आ) या नावाच्या निदान 4 फाइली आहेत.
इ) न उघडलेल्या 3 फोल्डरांत या नावाची फाइल नाही.
ई) पाहिलेल्या 57 फोल्डरांत या नावाच्या 4 फाइली आहेत.

उत्तर वहीत लिहून ठेवा, आणि का, तेही लिहा. पुढच्या आठवड्यात आपण मिळून पडताळून बघू. आणि हो, आजोबा कोडोलीहून आले की त्यांना कपाट उघडायला सांगायला विसरू नका. कात्री तिथं असेलही!